दोघींत वाटलेला अभ्यास

आम्ही दोघींनी वेब डेव्हलपमेंट भाकरीसारखं मोडून घेतलं होतं. मी न्हावऱ्याची, ती निमोण्याची. शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून एका बाकावर. क्लासची फी दोघींच्याही घरून मिळणार नव्हती आणि मोबाईलचा रोजचा डेटा दुपारीच संपायचा. म्हणून ठरलं, फ्रंट-एंडचे व्हिडिओ मी बघायचे, बॅक-एंडचे तिनं, आणि स्टँडवर एसटीची वाट बघत एकमेकींना शिकवायचं. लोकांना दिसतं ते माझं, मागं चालतं ते तिचं. निवड बरोबर की चूक हे कुणाला विचारलं नाही. विचारायला होतं तरी कोण?

साइट ठरवली कांद्याची. शेतकऱ्यानं गाव, माल, फोन भरून ‘नोंदवा’ दाबायचं, की व्यापाऱ्याला दिसणार. माझं पान आधी तयार झालं. मी मोठ्या कौतुकानं वडिलांना दाखवलं. त्यांनी जाड अंगठ्यानं बटण दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं.

“काय व्हतंय गं ह्यानं?”

“आता काय न्हाई, आप्पा. पुढचं तिच्याकडं हाय.”

“मग आण की तिच्याकडनं.”

तोवर ती रांजणगावला एका कंपनीत लागली होती. शिफ्ट, कंपनीची बस, घरी आलं की चूल. ‘सुट्टीला करते’ म्हणायची. तिचे व्हिडिओ मला काही अवघड नव्हते, पण मी ते उघडायचे नाही. तिचा वाटा आपण उचलला म्हणजे ती येणार नाही हे कबूल करणं आलं. त्यापेक्षा मी बटणाचे रंग बदलत बसायचे. वेड पांघरून पेडगावला गेले होते, आणि पेडगाव आम्हाला काही लांब नाही!

शेवटी तिच्या सुट्टीला शिरूरला गाठलंच तिला. रागात होते, चार शब्द सुनावायचे होते. रसवंतीत बसलो आणि ग्लास यायच्या आत ती बसल्या जागी झोपली. मी हलवलं तशी दचकली.

“माझ्यापायी थांबू नगं गं,” ती म्हणाली. “माझं बी तूच शिक.”

राग तिथंच गेला. खरं सांगते, तो होता तोवर बरं होतं, त्याची सोबत तरी होती.

मग शिकले. कुठं अडलं तर भिंतीकडं बघायचं, सुटलं तरी भिंतीकडंच. पहिली नोंद पलीकडं पोचली त्या दिवशी तिला मेसेज केला. दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा आला, नुसता अंगठा. मला रडू आलं.

परवा पुण्यात मुलाखत झाली. समोरच्या मॅडम माझं काम बघून खूश होत्या. म्हणाल्या, “बहुतेक मुलं एकच बाजू धरतात. तुम्ही दोन्ही कशा काय निवडल्यात?”

“आवड होती,” मी म्हणाले.