दादाचा आकडा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवायची हौस असलेले लोक थंडोबाकडेच यायचे आणि आल्या आल्या त्याची टर उडवायचे. थंडोबा हे नाव त्यांनीच ठेवलेलं. हा माणूस वेग हवा तेवढा वाढवून बघायचा, पण व्होल्टेजचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "एक पॉइंट पंचवीस व्होल्टच्या वर मी जात नाही. मशीन अडखळलं तर वेग कमी करू. चिप एकदा जळली की गेली."

थोरला भाऊ नेमका उलट स्वभावाचा. दुकान दोघांचं. डावखुरा दादा बेधडक एक पॉइंट पंचेचाळीस टाकायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं चालेल." छातीत दुखायला लागलं तेव्हाही हेच म्हणाला आणि खुर्चीतच गेला.

मागे राहिलं त्याने घरच्यांसाठी जोडलेलं शेवटचं मशीन. पुतणी त्यावर घरांचे नकाशे काढायची. दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं, म्हणून थंडोबाने आधी त्याचं व्होल्टेज उतरवलं. तरी मशीन तापायचं. पाहावं तर आकडा पुन्हा पंचेचाळीस. त्याने सेटिंग्ज धरून ठेवणारी बोर्डावरची बॅटरी बदलली, दादाने साठवलेली सगळी सेटिंग्ज पुसली, शेवटी पासवर्ड घातला. तो त्याच्या एकट्याच्या डोक्यात. तरीही पुतणीचा फोन आलाच.

"काका, परत तेच. आता तर मधेच बंद पडतंय."

चिप मरायला टेकली होती. दुपारीच थंडोबा भावाच्या घरी गेला, तर वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसली. "बघू तरी, तुम्ही करता काय ते."

कामाची पद्धत दादानेच लावलेली. एक तळवा कॅबिनेटवर, डोळे मिटलेले, कान पंख्याकडे. आकडा टाकायचा, एंटर मारायचं आणि मशीन उठताना ऐकायचं. डोळे फसवतात, पंखा फसवत नाही, असं दादाचं म्हणणं.

"एक पॉइंट पंचवीस," तो मोठ्याने म्हणाला. कीबोर्ड वाजला.

"थांबा!"

त्याने डोळे उघडले. पडद्यावर एक पॉइंट पंचेचाळीस.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही डावखुरे कधीपासून झालात?"

त्याने खाली पाहिलं. उजवा तळवा कॅबिनेटवर होता. डाव्या हाताचं बोट एंटरवर टेकलेलं. त्याने ते उचलायला पाहिलं, पण बोट जागचं हलेना. तो घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला. आणि त्या भीतीतच त्याला वेडा आनंदही झाला, की दादा कुठे गेलेलाच नाही. बोट हळूहळू खाली दाबायला लागलं.

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती.

"अहो," ती हाताला म्हणाली, "पुरे झालं आता. पोरीचं मशीन आहे ते."

बोट उचललं गेलं. हात मांडीवर पडला, मुंग्या आलेला, गार. थंडोबाने बाहीने डोळे पुसले, उजव्या हाताने पंचवीस टाकलं, नीट वाचलं आणि एंटर मारलं. पंखा शांतपणे फिरायला लागला.

वहिनी त्या गार हाताकडेच बघत राहिली. "जिवंतपणी एकदा तरी ऐकलं असतंत माझं," ती म्हणाली.