हे दारू व्हय का?

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या सासऱ्यांनी फर्मान काढलं, "आज सगळ्यांनी वाईनरी बघायला चलायचं. जेवणही तिथंच." आम्ही अकोल्याहून रात्रभर रेल्वेत अंग आंबवून नाशकात आलो होतो, त्यात बारशाची धावपळ. मला तर नुसतं आडवं व्हायचं होतं. पण मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची टाप?

निघायच्या आधी वहिनीनं मला मोरीपाशी गाठलं.

"वाईनरी म्हंजे दारूचाच कारखाना ना, बाई?"

मी मान हलवली.

"मंग आयकून ठेवा. यायनं, तुमच्या दादानं, तिथं एक घोट जरी घेतला, तर मी भातकुलीले वापस येनार नाही. इथूनच अकोटले जाईन, माह्या मायच्या घरी. आता तिसऱ्यानं गेली का गेलीच."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ती खरंच जाईल हे मला पटलं.

दादा, माझा मोठा भाऊ, भातकुलीला शेती करतो. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसानं भल्याभल्यांना झोपवलं होतं. सकाळी कोणाच्या दारात माणसं जमलेली दिसतील याचा नेम नव्हता. दादाचं पिणं तेव्हाच सुरू झालं. आधी कधीमधी, मग रोज. वहिनी दोनदा माहेरी गेली, दोनदा आम्ही हातापाया पडून आणली. शेवटी दादानं मायच्या डोक्यावर हात ठेवला. "तुही आन माय, दारूले हात लावनार नाही." त्याला वर्ष उलटून गेलं होतं आणि त्यानं शब्द पाळला होता. माय मात्र अजूनही त्याच्या हातातल्या गिलासाकडे टक लावून बघायची, त्यात पाणी असलं तरी.

व्याही स्वतः गाडी चालवत होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. दादा पुढे बसून विचारत होता, पाणी किती लागतं, छाटणी कधी, माल कोण उचलतं. किती तरी दिवसांनी तो असा बोलत होता. व्याही म्हणाले, "आमची सगळी द्राक्षं याच वाईनरीला जातात. आज आमच्याच बागेची वाईन पाजतो तुम्हाला." दादा हसला. त्याला असं खुललेलं पाहून मला आनंद व्हायचा सोडून धडकीच भरली.

आत गारेगार हॉल, काचेच्या भिंती, उंच दांडीचे ग्लास. एक पोरगी प्रत्येकाच्या ग्लासात बुडाला लागेल एवढीच ओतत होती. "आधी ग्लास हलकेच फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग छोटा घोट," तिनं शिकवलं.

माय म्हणाली, "माह्या नाकाले वासच येत नाही, पोरी. कितीक वर्सं झाले. भाजी करपली तरी मले समजत नाही."

पोरगी हसली. मी एक घोट घेतला. गूळ घालायचा विसरलेल्या चिंचेच्या सारासारखं लागलं. वहिनीनं ग्लासाला हातही लावला नाही, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

व्याह्यांनी एक ग्लास दादापुढे धरला. "घ्या. आमच्या घरचं पीक आहे."

"मी घेत नाही, काकाजी."

"अहो, ही काय दारू आहे का? वाईन आहे! द्राक्षांचा रसच म्हणा की. नाही म्हणू नका, मला वाईट वाटेल."

असा संताप आला मला! अरे बाबा, तो नाही म्हणतोय ना एकदा, कशाला गळी उतरवतोस? पण धाकटीला याच घरात जन्म काढायचा होता. मी जीभ आवरली.

दादानं ग्लास घेतला. शिकवलं तसा फिरवला. वहिनी उठून उभी राहिली. दादाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं, तो मायकडे बघत होता.

"माय," तो म्हणाला, "हे दारू व्हय का?"

त्यात लबाडी नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यानं आण दारूची घेतली होती. ही दारू की नाही, ते त्याला खरोखरच कळत नव्हतं. माय नाही म्हणाली असती तर त्यानं तो ग्लास रिकामा केला असता, आणि वहिनी दाराबाहेर.

माय उठली. त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि आमच्या देखत एक घोट तोंडात धरला. आमची माय! मी आ वासून बघत राहिले. तिनं घोट गिळला, ग्लास खाली ठेवला.

"व्हय. दारूच व्हय."

व्याही मोठ्यानं हसले. "विहीणबाई, तुम्हाला हो कशी ठाऊक दारूची चव?"

माय त्यांच्याकडे वळलीच नाही. दादाला म्हणाली, "तू पेत होता ना, तवा तू झोपला का तुह्या गिलासात उरलेली मी बोट बुडवून चाखो. रोज. माह्या नाकाले वास येत नाही. त्याच्यात दारू हाये का फवारनीचं औषध, हे मले कसं समजावं? दारू लागली का मले बरं वाटे. मंग मी झोपो."

व्याह्यांनी टेबलावरचे सगळे ग्लास आपल्या हातानं उचलले आणि त्या पोरीकडे दिले.

जेवायला बसलो तेव्हा वहिनी दादाच्या शेजारी येऊन बसली. पर्स तिनं खुर्चीला अडकवली. दादाचे डोळे लाल झाले होते. त्यानं जगमधलं पाणी गिलासात ओतलं आणि स्वतः प्यायच्या आधी तो गिलास मायपुढे धरला.

मायनं तो परत त्याच्याकडे सरकवला.

"पे तू," ती म्हणाली. "पानीच व्हय."