दादाची मुनादी

दरेकसा स्टेशनावर तार आली तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. यजमान स्टेशनातच कामाला, त्यांनीच वाचून दाखवली. दादा गेला... सूप हातात धरून मी तशीच उभी. आणि मनात पहिलं काय यावं? शेवटी पुस्तक काढलंच नाही ना यानं!

महिना होत आला, तो राग अजून पुरता गेलेला नाही. नागऱ्याच्या जत्रेत लोक दादाला कविता पुन्हापुन्हा म्हणायला लावत. पुस्तकापुरत्या कविता जमल्याही होत्या, आणि हा बाबा गोंदियाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. निवडूनही आला! मग कसली कविता अन् कसलं काय, नळ आणि नाल्या. मी माहेरी गेले की भांडायची, "दादा, तुझं पुस्तक मी म्हातारी झाल्यावर पाहू काय?" तो पान लावता लावता हसायचा. "काऊन चिडून राहिली? कपाटात बसाले पुस्तक कायले पायजे?"

एका उन्हाळ्यात देवीची साथ आली. लस देणारा टोचणीवाला गल्लीत दिसला की बायका लेकरांना आत ओढून दारं लावून घेत. पालिकेचा सुखराम डफडं वाजवत मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायचा, पण ती कचेरीची भाषा! "काय सांगू जी, कोणी आयकूनच नाही राहिले," तो दादाला म्हणाला. दादानं ओसरीवर बसल्या बसल्या दोन ओळी रचल्या...

दार नोको लावू बाई, टोचणीवाला येईन,
घडीभर रडन लेकरू, जलमभर हासत राहीन.

"'घडीभर' म्हणून जरासा थांबजो," तो सुखरामला शिकवत होता. "तेवढ्यात माय लेकराकडं पाहून घेईन."

पालिकेचे अध्यक्ष दादावर भडकले. "ये मुनादी है या मुशायरा?"

"लोग सुन तो रहे हैं, साहब!" दादा म्हणाला.

आणि दारं उघडली हो. सगळी नाही, पण उघडली. तेव्हापासून पालिकेची प्रत्येक मुनादी दादाच रचायचा. नळाची, कचऱ्याची, मोकाट कुत्र्यांचीसुद्धा!

तेरावं झाल्यावर माहेरच्या घरात मी त्याची ट्रंक उघडली. म्हटलं, आता आपणच छापू. सगळ्या जुन्याच कविता निघाल्या, निवडून आल्यानंतरची एकही नाही. जीव नुसता चरफडला. तेवढ्यात बाहेर नळापाशी पोरी फेर धरून गायला लागल्या, "दार नोको लावू बाई..."

"कोणाचं गं हे गाणं?" मी खिडकीतून विचारलं.

"कोणाचं म्हंजे? आमचंच!"

मला हसूही आलं, रडूही आलं. "बरं बाई, तुमचंच. पण 'घडीभर' म्हणून जरा थांबायचं असते."

पोरींनी पुन्हा फेर धरला, आणि बरोबर तिथं थांबल्या.