बाबांना ऐकू यावीत म्हणून केलेली गाणी

दादाच्या जॅझ गिटारला आमच्या घरात तोंडावर नावं ठेवणारा पहिला माणूस म्हणजे बाबा. दिघीच्या दोन खोल्यांत दादा तासन्‌तास ते वाकडेतिकडे सूर छेडत बसायचा आणि चाकणहून शिफ्ट करून आलेले बाबा बूट काढता काढता विचारायचे, यात गाणं कुठंय? दादा चिडायचा. मला बाबांचं पटायचं, आणि तसं मी दादाला मुद्दाम ऐकवायचे.

बाबा प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर पत्र्यावर दणके. कंपनी इअरप्लग द्यायची, पण जुने ऑपरेटर ते लॉकरमध्येच ठेवायचे. मशीनचा आवाज जरा बदलला की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बिघडली हे ओळखायचं, मग कान बंद करून चालेल कसं, असं त्यांचं म्हणणं. त्याचा बाबांना अभिमानही होता. निवृत्त होईपर्यंत आमच्या टीव्हीवरच्या मालिका शेजाऱ्यांनाही पाठ झाल्या होत्या.

दादाने पॉप आणि सोल गाण्यांचा अल्बम करायला घेतला तो बाबांसाठी. त्याने हे कधी कबूल केलं नाही, पण मला काय कळत नव्हतं? साध्या चाली, सरळ मराठी शब्द, गिटार मागे आणि त्याचा गळा पुढे. रावेतला मित्राच्या स्टुडिओत, शिकवण्या सांभाळून रेकॉर्डिंग चालायचं. एकेका गाण्यात तो घोळ घालत बसायचा आणि मी त्याच्या मागे लागायचे, कारण इकडे बाबांचे कान भराभर चालले होते. कानाचं मशीन घेऊन दिलं, तर त्यातून सगळं भांडी घासल्यासारखं ऐकू येतं, अशी त्यांची तक्रार.

अल्बम झाला. रविवारी सकाळी दादाने स्पीकर बाबांच्या खुर्चीजवळ ठेवला. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दादा इतकं मोकळं गातो हे मलाही माहीत नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघत मान डोलवत होते. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि चरकले. मशीन टीपॉयवर होतं. दोन्ही कान रिकामे.

गाणं संपलं. बाबांची मान डोलतच राहिली.

दादाने पुढचं गाणं लावलं नाही. त्याची नजर टीपॉयवरच्या मशीनकडे गेली होती. शेवटी बाबा थांबले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, "झकास झालंय, लेका. आता कसा शब्द न् शब्द कळतो."

"हो, बाबा," दादा म्हणाला. तेही मोठ्याने.

मी स्वयंपाकघरात गेले आणि हुंदके देऊन रडले. बाबांना ऐकू जाईल ही भीती उरली नव्हती.