रेणापूरकर नावानं केलेला अर्ज

"रेणापूरकर, तुम्ही आपल्यातले, म्हणून विचारतो. खडी फोडणाऱ्या या बाया गातात, की नुसत्या बोंबलतात?"

निवड समितीतले तिघंही हसले. मीही हसलो.

नांदेडचं जुनं ग्रंथालय. संशोधनाच्या अभ्यासवृत्तीची मुलाखत. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. अर्जात सवयीनं उस्मानाबाद लिहून खोडलं, लातूर लिहिलं. आडनाव मात्र सवयीनं लिहिलं नाही. आमचं आडनाव वाचलं की वस्ती कळते. म्हणून गावाच्या नावाला 'कर' लावून टाकला. एम.ए. झालेला मी, एवढा भेकड. विषय दिला होता, दुष्काळी कामावरच्या बायांची गाणी. त्यातली निम्मी माझ्या आईची. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. अर्जासोबत जोडलेल्या टिपणात तिचं नाव नव्हतं. 'एक अशिक्षित मजूर स्त्री' असं लिहिलं होतं मी.

अध्यक्ष म्हणाले, "भाषा रांगडी आहे. पण तुमच्यासारख्या संस्कारी मुलाच्या हातून शुद्ध होईल. अभ्यासवृत्ती तुम्हालाच."

मी वाकून नमस्कार केला. त्याची लाज अजून वाटते.

घरी आलो. आई टँकरवरून पाणी घेऊन आली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. घागर टेकवून तिनं विचारलं, "आवडलं का रं त्यान्ला माजं गाणं?"

"हाव. लई आवडलं."

"मंग अजून एक हाय, मुकादमावरचं. घे लिहून."

ती गायला लागली. माझ्याच्यानं एक ओळ लिहवेना. तिच्या तोंडाकडं बघवेना. त्यांनी तिला हिणवलं होतं. मी तर तिला कागदावरून पुसून टाकलं होतं.

सकाळच्या एसटीनं परत नांदेड गाठलं. अध्यक्षांना म्हणालो, "अर्जातलं आडनाव खोटं आहे. आम्ही बौद्ध. गाणारी बाई माझी आई."

त्यांनी चष्मा पुसला. "मग फेरविचार करावा लागेल. घरच्या बाईची गाणी म्हणजे संशोधन नव्हे."

"काल होतं," मी म्हणालो. टिपण उचललं आणि निघालो.

रात्री घरी येऊन आईला सगळं सांगितलं. समितीसोबत मीही हसलो, तेही. सकाळी ती हातोडा घेऊन कामावर गेली. पुढं कित्येक दिवस माझ्यासमोर गायली नाही. तिनं माफ करावं, असं मला वाटतही नाही.

गाण्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं. खाली माझं, खऱ्या आडनावासकट. छापायचं तर याच नावांनी. यापुढं कुणाच्याही समितीपुढं बसेन, तर आधी आडनाव सांगेन, मग विषय.