तुरीचा दाणा आणि उजवी दाढ

“सगळेच काढावे लागतील,” असं म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी आरसा माझ्या हातात दिला. “पायोरिया आहे. वरचे, खालचे, सगळे हलतात. काढून टाका, कवळी बसवा आणि मोकळे व्हा.”

पायोरिया म्हणजे हिरड्यांचा रोग. हिरडी दाताला सोडते, मधल्या फटीत पू होतो, आतलं हाड झिजत जातं आणि धडधाकट दिसणारा दात एक दिवस हलायला लागतो. हे मला पुढे समजलं. त्या दिवशी कवळी हा एकच शब्द कानात शिरला.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि एका डाळमिलचा पारखी होतो. यार्डात तुरीचा ढीग पडला की मी हात खोल खुपसायचो, पोटातला एक दाणा काढायचो आणि उजव्या दाढेखाली धरायचो. वाळलेली तूर कटकन फुटते. ओली तूर दबते आणि दाताला चिकटते. माझी मान हलली की मिलचे शेठजी बोली लावायचे. ओला माल आत आला तर साल सुटत नाही, डाळीचा चुरा होतो. वीस वर्षं माझ्या दाढेच्या शब्दावर मिल चालली होती, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. कवळीला मूळ नसतं. दाणा फुटला की दबला, हे तिला कुठून कळणार? नुकतीच दिवाळी झाली होती. पौषात नवी तूर यार्डात येणार होती.

घरी सांगितलं तर आमची मंडळी म्हणाली, “बठ्ठा दात काढी टाकशात तं भाकर कशाघाई खाशात?” सगळे दात गेल्यावर भाकरी कशाने खाणार, एवढीच तिची चिंता होती. मी माझी तिला सांगितली नाही.

कोणीतरी धुळ्याचा दवाखाना सुचवला. तिथे हिरड्यांचे डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी येतात म्हणे. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला पोचेपर्यंत गाल धरून बसलो होतो. डॉक्टरांनी दात हलवून पाहिले. “खालचे पुढचे दोन गेलेच. बाकीच्यांना दोन महिने देऊन पाहू. नाही सुधारले तर काढू. आता बाईंकडे जा.”

या बाई म्हणजे कुसुमताई. त्या डॉक्टर नव्हत्या आणि नर्सही नव्हत्या. हायजिनिस्ट, असं त्यांनी स्वतः सांगितलं. मुंबईला शिकून आल्या होत्या. तोंड स्वच्छ करायचं, स्वच्छ ठेवायला शिकवायचं आणि रोग किती हटला त्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. मला ते हलकंच वाटलं. दात घासायला शिकवायला मुंबईचं शिक्षण कशाला?

त्यांनी खुणा कोरलेली एक बारीक सळई हिरडीत घातली आणि आकडे लिहायला लागल्या. सात, आठ, सहा. पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधला खिसा, तो किती मिलिमीटर खोल आहे ते त्या मोजत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “नाना, उजवीकडे खालच्या दाढेला खाच पडली आहे. काय फोडता तिने?”

मी तूर सांगितली, तिच्यावर चालणारी नोकरीही सांगितली. त्यांनी तेही कार्डावर लिहिलं.

मग दात कशाने घासता, याची चौकशी झाली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पंचवीस वर्षं राखुंडीने दात घासतो, आणि जिथून रक्त येतं तिथे बोट लावत नाही, वाईट रक्त वाहून जाऊ देतो. आमच्याकडे सगळेच असं करतात. कुसुमताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रक्त वाईट नसतं हो. तिथे घाण बसलेली असते म्हणून ते येतं. नेमकी तीच जागा तुम्ही पंचवीस वर्षं सोडलीत.”

त्या दिवशी स्केलिंग झालं. स्केलिंग म्हणजे दातांवरचं आणि हिरडीखालचं कीटण आकड्यासारख्या हत्यारांनी खरवडणं. दुखलं त्यापेक्षा आवाजाने जीव जास्त कासावीस झाला. परत येताना एसटीत जीभ फिरवून पाहिली, तर दातांमध्ये फटी पडलेल्या, आणि दात पहिल्यापेक्षा जास्त हलत होते.

मी भडकलो. घरी येऊन म्हणालो, या बाईने भिंतीतला गारा खरवडून काढला, आता दगड पडायला किती वेळ? पुढच्या आठवड्याची तारीख होती, गेलो नाही. त्याच्या पुढच्यालाही गेलो नाही.

कामावर हलती दाढ वापरायची सोय नव्हती. मूठ कानाशी हलवून दाण्यांचा आवाज ऐकायचो, बोटांनी साल चोळून बघायचो. यार्डातल्या एका हमालाने विचारलंच, “नाना, आते दाना चावतस नही का तुम्ही?” मी पुढच्या ढिगाकडे वळलो. आणि मग उडदाच्या एका ढिगावर फसलो. माल मिलमध्ये आला तो पोटातून ओला. शेठजींनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, “उडदाचं जाऊ द्या. तुरीत असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, नाना.” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात धुळ्याहून पोस्टकार्ड आलं. तीनच ओळी होत्या. “दात हलतात म्हणून घाबरला असाल. ते आधीपासून हलत होते, कीटणाने त्यांना नुसतं धरून ठेवलं होतं. हिरडी आता धरेल, पण तुम्ही यायला हवं. — कुसुम.” मी काही कळवलं नव्हतं, तरी माझ्या मनातलं जसंच्या तसं उतरलं होतं. पुढे विचारलं तेव्हा म्हणाल्या, पहिल्या सफाईनंतर बरेच जण येत नाहीत, त्या सगळ्यांना मी हेच लिहिते.

मग मात्र एकही फेरी चुकवली नाही. नरम ब्रश, मिठाचं कोमट पाणी, जिथून रक्त येतं तिथे आधी घासायचं. उजव्या दाढेने काहीही फोडायचं नाही, ही सक्त ताकीद. पहिले आठ दिवस रक्त पाहून हात थांबायचा. नंतर ते कमी होत गेलं.

बाकड्यावर बसून मी त्यांना न्याहाळायचो. दवाखान्याचे मालक डॉक्टर दात काढायचे, पण त्याआधी रोग्याचं तोंड कुसुमताई साफ करून द्यायच्या, नाहीतर जखम चिघळते. बुधवारी कवळीचे डॉक्टर यायचे, आणि कवळी कशी धुवायची, रात्री पाण्यात का ठेवायची, हे म्हाताऱ्यांना त्या समजावायच्या. एका गरोदर मुलीच्या हिरड्या सुजल्या होत्या. तिची सासू म्हणत होती, या दिवसांत दातांना हात लावायचा नसतो. कुसुमताईंनी आधी सासूलाच खुर्चीत बसवून तिचे दात साफ केले, मग सुनेचे. डॉक्टर येत, आपापला दात बघत आणि जात. त्या दातामागचं तोंड मात्र रोज या बाईंच्या ताब्यात असायचं. हलकं काम म्हणणाऱ्या माझीच मला लाज वाटली.

पौषातला शनिवार उजाडला. खालचे दोन दात आधीच गेले होते, त्याचं काही वाटलं नाही. हिरड्यांच्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं. आठाचे चार झाले होते, सहाचे तीन. “छान,” म्हणाले. मग उजव्या दाढेपाशी थांबले. “ही अजून थोडी हलते. हाड बरंच गेलंय. पुढे त्रास देईल. आजच काढून टाकू.”

माझ्या तोंडात आरसा होता. बोलता येईना.

“सर, निर्णय तुमचाच,” कुसुमताई म्हणाल्या, “पण एकदा बघा.” त्यांनी पर्समधून तुरीच्या तीन पुड्या काढल्या. “नाना, आज परवानगी आहे. हळू.”

दोन महिन्यांनी दाणा दाढेखाली धरला. भीती वाटत होती. दाबला. कट. “ही वाळलेली.” दुसऱ्या पुडीतला दाणा दबला. “ही नवी, शेतातून आत्ता आलेली.” तिसरा फुटला, पण उशिरा. मी पुन्हा एक घेतला. “ही आतून दमट आहे.”

“नाही हो,” कुसुमताई म्हणाल्या. “ही आईकडची, गेल्या वर्षीची. मी स्वतः उन्हात घालून डब्यात भरली.”

“भरली असेल. पण दमट आहे. परत उन्हात घाला, नाहीतर महिन्याभरात कीड लागेल.”

त्यांनी तिसऱ्या पुडीतले दाणे चाचपले. मग हळूच म्हणाल्या, “डबा माठाशेजारी ठेवलाय.”

डॉक्टर हसले आणि हातातला चिमटा ताटलीत ठेवला. “राहू दे ही दाढ. पण दर तीन महिन्यांनी बाईंना दाखवायची.” मला फुशारकी मारायला मात्र वेळ मिळाला नाही. कुसुमताईंनी पेला पुढे केला. “आता चूळ भरा. मागे साल अडकलंय.”

तुमच्यापैकी कुणाला पायोरिया सांगितला गेला, तर लगेच धीर सोडू नका आणि लगेच सगळे दातही काढून टाकू नका. सगळे दात वाचतीलच असं मी म्हणणार नाही, माझे दोन गेले. पण पहिल्या सफाईनंतर दात हलले म्हणून रुसून घरी बसू नका. माझे पंधरा दिवस त्या रुसव्यात गेले आणि नोकरी जाता जाता राहिली.

त्या हंगामात तुरीचा एकही ढीग चुकला नाही. यार्डात मी तांब्या घेऊन जायला लागलो. दाणा चावला की चूळ भरायचो. हमाल पहिल्यांदा हसले, मग सवयीचं झालं.

माघात चांगली तूर निवडून पिशवीभर धुळ्याला नेली. कुसुमताई नको नको म्हणत होत्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी तळातला एक दाणा काढला, उजव्या दाढेखाली धरला आणि माझ्याकडे बघत दाबला. आवाज मलाही ऐकू आला.

“वाळलेली आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. “आता चूळ भरा.”