डबलचेक आणि घोडेगावची म्हैस

आमच्या ऑफिसात त्याला सगळे डबलचेक म्हणत. गाडीला कुलूप लावून वीस पावलं गेला की हा परत यायचा, कुलूप ओढून बघायचा आणि वर मलाच विचारायचा, "तू बघितलंस ना?" त्याने लिहिलेला प्रोग्राम कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही. पण हे त्यालाच पटवून देणं कोणाला जमलं नाही.

तो सोनईजवळच्या वस्तीवरचा, मी जामखेडचा. पुण्यात आमची टेबलं शेजारी. "तुमच्याकडं पानी न्हाई, म्हनून तुमी बोलता जास्त," असं मला सुनावायचा. स्वतः मात्र मीटिंगमध्ये तोंड उघडायचा नाही. उत्तर वहीत लिहायचा आणि वही माझ्याकडे सरकवायचा. मी वाचून दाखवायचो, शाबासकी मला मिळायची. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

टीम लीड होशील का, असं साहेबांनी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने हात जोडले. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "सोमवारी सांग. आता नाही म्हणालास तर पुन्हा विचारणार नाही." कामावरून काढल्यासारखा चेहरा करून तो टेबलाशी आला. "आठ जनं माझ्या तोंडाकडं बघनार. मला काय येतंय रे? एक दिवस उघडं पडंल सगळं."

त्याच आठवड्यात त्याच्या घरी म्हैस घ्यायची होती, म्हणून शुक्रवारी रजा टाकून आम्ही घोडेगावच्या बाजाराला गेलो. तिथे हा माणूस वेगळाच. दात बघितले, कास चाचपली, चालवून बघितली, म्हैस घेऊन आलेल्या म्हातारीला समोर धार काढायला लावली. अनोळखी माणसं याला सल्ला विचारत होती आणि हा बेधडक देत होता. मी चिमटा काढला तर म्हणाला, "म्हशीचं येगळं. त्यातलं मला कळतं."

घरी आल्यावर म्हशीने थेंब दिला नाही. वडील बसले, हा बसला, लाथा तेवढ्या मिळाल्या. शेवटी त्याची आई खाटेवरून म्हणाली, "बाईच्या हाताची हाय ती. लुगडं बघितल्याबिगर दूध सोडायची न्हाई." आईची स्वतःची बोटं वातामुळे वळत नव्हती. वडिलांनी मिशीवरून हात फिरवून सरळ नकार दिला. मग आमच्या या इंजिनिअरने आईचं हिरवं लुगडं अंगाला गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि बादली घेऊन बसला. म्हशीने वळून एकदा बघितलं आणि धार लागली. मी गव्हाणीला धरून हसत होतो, आई तोंडाला पदर लावून.

शनिवारीही दोन्ही वेळा हेच. रविवारी संध्याकाळी मात्र अर्ध्यावर पदर घसरला आणि लुगडं खांद्यावरून खाली आलं. आत टीशर्ट, वर दाढी. हात चालू ठेवून हा श्वास रोखून बसला. म्हशीने मान वळवली, याला नीट न्याहाळलं आणि पुन्हा कडबा खायला लागली. दूध थांबलं नाही.

"हिला कळलं रे," तो हळूच म्हणाला. "तरी देती."

"कालच कळलं आसंल, येड्या," मी म्हणालो.

बादली आईकडे देऊन त्याने गोठ्यातूनच साहेबांना फोन लावला. "सर, मी घेतो ती जागा. सगळं येतं असं नाही. पण घेतो."

सुरुवातीला तो अडखळला. पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मला येत नाही, कोणाला येतं?" मला वाटलं, संपलं. पण पोरं त्याच्यावर जीव टाकायला लागली. दोन वर्षांनी कंपनीने त्याला हैदराबादला बोलावलं. त्याच्या जागी कोण, हे साहेबांनी त्यालाच विचारलं आणि त्याने माझं नाव दिलं. इतकी वर्षं मी त्या जागेवर मनातल्या मनात ऐटीत बसत आलो होतो. ती खरोखर समोर आल्यावर मात्र हो म्हणायचा धीर होईना. आणि हा शेजारी नसणार, याचं वाईट वाटत होतं ते वेगळंच.

शेवटच्या दिवशी तो ड्रॉवर रिकामा करत होता.

"मला जमंल का रे?" मी विचारलं.

"लगेच न्हाई जमनार," तो म्हणाला आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस."